शांत इंग्लिश उपनगरात घर बघताय? मग घरी कोण राहणार ते आधी ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की नवऱ्याला लंडनमध्ये नोकरी लागलीय, नोव्हेंबरात जॉइन व्हायचंय, मुलगा येत्या जूनमध्ये चार पूर्ण करेल, ऑफिसातले सगळे म्हणतायत लंडनच्या वायव्य टोकाच्या पिनर, ईस्टकोट, हॅच एंड असल्या शांत भागात घर बघा, आणि तुम्ही जन्मभर कोथरूडात राहिलेल्या, तर तिथलं रोजचं जगणं नक्की असतं कसं. मी ह्याच पट्ट्यात घरं भाड्याने देण्याचं आणि नंतर ती सांभाळायचं काम करते, बरीच वर्षं झाली आता, त्यामुळे माणसं मला घर बघायला येतात तेव्हाही भेटतात आणि फेब्रुवारीत बॉयलर बंद पडला म्हणून फोन करतात तेव्हाही. ह्या दोन वेळांना तीच माणसं पार वेगळी वाटतात, त्यावरूनच सांगते.

घर बघायला सगळे शनिवारी सकाळी येतात. छान ऊन असतं, बाग हिरवीगार, नवरा फोनवर स्टेशनपर्यंतची मिनिटं मोजत असतो, किचन बघून होतं की लगेच ऑफर. पण जो रोज सकाळी सातला निघून संध्याकाळी सातला येणार त्याला घर कसंही असलं तरी चालतं हो, तो तिथे असतोच किती. खरं राहणार ते दिवसभर घरी असणारं माणूस, म्हणजे सुरुवातीला तरी तुम्ही आणि मुलगा. म्हणून मी ओळखीच्यांना सांगते की घर मंगळवारी दुपारी दोन वाजता बघा, पाऊस भुरभुरत असेल तर अजून चांगलं, आणि घराच्या आत दहा मिनिटं आणि बाहेर तासभर घालवा.

बाहेर काय दिसेल? बहुतेक काहीच नाही. पार्क केलेल्या गाड्या, एखादा पार्सलवाला, कुत्रा फिरवणारे एक आजोबा. ही शांतता मुद्दाम बांधलेली आहे. हा अख्खा भाग रेल्वेने वसवला. मेट्रोपॉलिटन रेल्वे १८८० मध्ये हॅरोला पोचली, १८८५ मध्ये पिनरला, १९०४ मध्ये अक्सब्रिजला, रुळांलगतची जास्तीची जमीन हाताशी होतीच, मग १९१५ मध्ये त्यांनी 'मेट्रोलँड' असं नाव काढलं आणि जाहिराती केल्या की शहराच्या धुरातून बाहेर या, बागवालं घर घ्या आणि आमच्याच गाडीने कामाला जा. तुम्हाला दाखवतील त्यातली बहुतेक घरं त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांतली, म्हणजे पुढे बाक आलेली बे विंडो, शेजारच्या घराशी एक भिंत सामाईक (ह्याला सेमी-डिटॅच्ड म्हणतात), वरती दोन बऱ्या खोल्या आणि एक चिमुकली बॉक्स रूम, पुढे इवलीशी बाग आणि मागे लांबलचक. दुकानं सगळी स्टेशनजवळ एका रांगेत, त्याला पॅरेड म्हणतात, आणि आतल्या रस्त्यांवर नुसती घरं. कित्येक रस्ते तर शेवटी बंद, त्यामुळे ज्याचं काम आहे तोच आत येतो. रविवारी मोठ्या दुकानांना, म्हणजे २८० चौरस मीटरच्या वरच्या, १९९४ च्या कायद्याप्रमाणे फक्त सहा तास उघडं राहता येतं. आता ह्यात भाजीवाला नाही, भंगारवाला नाही, इस्त्रीवाला नाही, चार माणसं उगाच उभी असतात तशी टपरी नाही. कोथरूडात तुम्ही नुसत्या गॅलरीत उभ्या राहिलात तरी दिवसभरात दहा जणांशी दोन शब्द होतात, इथे आपण काही केलं नाही तर कुणाशीच होत नाहीत. बाकीचं सगळं ह्यातूनच निघतं.

अगदीच आवाज नसतात असं नाही. एप्रिल आला की शनिवार-रविवार लॉनमोअर. उन्हाळ्यात आइस्क्रीमची गाडी ट्यून वाजवत येते, तिलाही कायद्याने दुपारी बारा ते संध्याकाळी सातच वाजवता येतं. आणि जानेवारीच्या आसपास मध्यरात्री कुणी बाई किंचाळल्यासारखं वाटलं तर घाबरू नका, तो कोल्ह्यांचा जोड्या जमवायचा मोसम असतो, मला दर हिवाळ्यात एखाद्या नवीन भाडेकरूचा रात्री फोन येतोच की पोलिसांना बोलवू का.

आपण केलेले आवाज हा वेगळा विषय. रात्री अकरा ते सकाळी सात ही काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या महापालिकेच्या, भाषेत रात्र. सेमी-डिटॅच्ड घराच्या सामाईक भिंतीवर किचन असेल तर सकाळी सहाला मिक्सर किंवा खलबत्ता शेजाऱ्यांच्या उशाशीच वाजतो, कुकरच्या शिट्टीचं मात्र कुणी फारसं काही म्हणत नाही, निदान ह्या भागात तरी सवय झालीय. फटाक्यांची गंमत अशी की २००४ च्या नियमांत दिवाळीचा नावानिशी उल्लेख आहे, एरवी रात्री अकरानंतर बंदी पण दिवाळीच्या रात्री एक वाजेपर्यंत सूट. म्हणजे रात्री साडेबाराला उडवलेले चालतात, आणि नरक चतुर्दशीला पहाटे पाचला अभ्यंगस्नान करून उडवलेले बेकायदा. नियम करणाऱ्यांना आपली पहाट कुणी सांगितलीच नाही बहुतेक.

शेजारी. ह्याबद्दल आपल्या लोकांत जितक्या तक्रारी ऐकते तितक्या थंडीबद्दलही नाही. "सहा महिने झाले, कुणी दार वाजवलं नाही." नाहीच वाजवणार. त्यांच्या दृष्टीने नवीन आलेल्या घराचं दार न वाजवणं हाच सभ्यपणा. इथे बोलणं होतं ते घराच्या पुढच्या बाजूला, गाडी धुताना, बिन म्हणजे कचऱ्याचा डबा बाहेर काढताना, झुडपांचं कुंपण कापताना. मागच्या बागेत माणूस बसला असेल तर कुंपणावरून डोकावून गप्पा मारायच्या नाहीत, त्याने आपणहून हाक मारली तर गोष्ट वेगळी. "यू ऑल राइट?" म्हणाले तर आपणही तेवढंच म्हणायचं, पाठ दुखतेय वगैरे सांगत बसायचं नाही. हवेवर बोला, बिनधास्त बोला, त्यात काही खोटं नसतं, पुढच्या बोलण्याची सुरुवात तिथूनच होते. पहिली ओळख बहुतेक वेळा बिनवरून होते कारण कुठल्या आठवड्यात कुठल्या रंगाचं बिन हे दर काउन्सिलचं वेगळं आणि नवीन माणसाला कधी कळत नाही, तर सरळ जाऊन विचारा, तुम्हाला माहीत असलं तरी विचारा. मदत मागितली की ही माणसं खुलतात, नुसतं घरी बोलावलं तर अवघडतात.

फराळ द्यायचा असेल तर जरूर द्या पण एका छोट्या डब्यात, चार पदार्थ, वर कागदावर कशात काय आहे ते लिहून, कारण नट्सची अ‍ॅलर्जी हा इथे फार गंभीर प्रकार आहे. मोठं ताट नेलंत तर समोरच्याला परतफेडीचं ओझं वाटतं. घरी गणपतीला तीस माणसं येणार असतील तर आठवडाभर आधी दोन्ही बाजूंच्या घरांत एक चिठ्ठी टाका, इतके वाजेपर्यंत माणसं असतील, गाड्यांची थोडी अडचण होईल, माफ करा, आणि हा माझा नंबर. एवढ्यावर कुणाची तक्रार आलेली मला आठवत नाही, उलट आरतीला येऊन उभे राहिलेले शेजारी पाहिलेत. रस्त्याचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतोच, त्यात हरवलेली मांजर, चुकीच्या घरी गेलेलं पार्सल आणि कुणीतरी लॉफ्ट म्हणजे छपराखालचा माळा वाढवायचा अर्ज केला की त्यावरची धुसफूस, एवढंच चालतं, पण त्यात असायला हवं. आणि ह्या लोकांना आपलेपणा नसतो असं जे म्हणतात ना, ते मला पटत नाही. तुम्ही महिनाभर भारतात गेलात तर तुमचं बिन न सांगता बाहेर काढणारा माणूस तोच असतो ज्याने वर्षभरात तुम्हाला एकदाही चहाला बोलावलेलं नाही.

आता घराच्या आतलं, कारण माझ्याकडे येणाऱ्या फोनपैकी निम्मे ह्यावरचे. बाथरूमला मोरी नसते. वरच्या मजल्याची जमीन लाकडी फळ्यांची, त्यावर नुसतं व्हिनाइल किंवा टाइल, पाणी जायला भोक नाही, त्यामुळे टबाबाहेर बसून बादली-मग्ग्याने अंघोळ केली की ते पाणी सावकाश खालच्या लाउंजच्या सीलिंगमधून उतरतं आणि बिल डिपॉझिटमधून जातं. बादली टबात ठेवा, काही प्रॉब्लेम नाही. सासू-सासरे किंवा आई-बाबा आले की पहिल्या दिवशी हे नीट दाखवून सांगा.

दुसरं बुरशी. आपण फोडणी करतो, भात-डाळ उकळतो, कपडे घरात रेडिएटरवर वाळवतो आणि थंडी म्हणून खिडक्या घट्ट बंद, ती सगळी वाफ थंड भिंतीवर जाऊन बसते आणि कपाटामागे काळे ठिपके येतात. मग भाडेकरू म्हणतो घर ओलं आहे, मालक म्हणतो तुम्ही हवा खेळती ठेवत नाही, आणि बऱ्याचदा दोघांचंही थोडं थोडं खरं असतं. म्हणून बघायला जाल तेव्हा किचनचा फॅन खरंच भिंतीतून बाहेर जातो का नुसता फिल्टरमधून हवा आतच फिरवतो ते लावून बघा, उत्तरेकडच्या खोलीत कपाटामागे हात घालून भिंत चाचपा, एजंटला चालतं. घर गरम ठेवायला ऊर्जा किती लागते त्याची श्रेणी सांगणारं एनर्जी सर्टिफिकेट ('ए' सगळ्यात चांगलं) 'ई'च्या खाली असेल तर घर भाड्याने देताच येत नाही, पण 'ई' आणि 'सी'मध्ये गॅसच्या बिलाचा जो फरक पडतो तो जानेवारीत कळतो, भाड्यात पन्नास पाउंड वाचवायला 'ई' घेऊ नका. सोनं घरात ठेवू नका, दिवाळी-लग्नसराईच्या सुमारास पोलीस भारतीय घरांना ह्याबद्दल सावध करत असतात. काउन्सिल टॅक्स घराच्या १ एप्रिल १९९१ च्या किमतीप्रमाणे पाडलेल्या बँडवर, म्हणजे गटावर, ठरतो, हसू नका, खरंच.

आता मेन गोष्ट, हिवाळा. थंडीचं काही नाही, थंडीला जाकीट मिळतं. अंधाराला काय करणार. डिसेंबरात सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आत मावळतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागे गेलं की एकदम सगळं बदलतं. नवरा जाताना अंधार, येताना अंधार, पण तो मधे ऑफिसात माणसांत असतो, तुम्ही लहान मुलाला घेऊन घरात, रस्त्यावर चिटपाखरू नाही, भारतात फोन करावा तर तिकडे रात्र झालेली. पुण्यात कधी उदास न झालेल्या बायका जानेवारीत माझ्याशी घराच्या चाव्यांबद्दल बोलता बोलता रडल्यात. हे कमकुवतपणाचं लक्षण नाही, इथल्या जीपींना, म्हणजे फॅमिली डॉक्टरांना, हे रोजचं आहे, त्यांच्याशी बोलायला लाजू नका, तुम्ही व्हिसाबरोबर मोठ्या माणसामागे वर्षाला १०३५ पाउंड हेल्थ सरचार्ज भरलेला असतो त्यात ते सगळं येतं. व्हिटॅमिन डी तर सरसकट सगळ्यांनाच थंडीत रोज १० मायक्रोग्रॅम घ्यायला सांगतात, आपल्या रंगाच्या माणसांना वर्षभर घ्यायचा विचार करा म्हणतात.

म्हणूनच मी म्हणते की घर निवडताना स्टेशनपासूनचं अंतर तिसऱ्या नंबरवर टाका. हॅरो-ऑन-द-हिल, पिनर, रेनर्स लेन सगळी भाड्याच्या झोन पाचमध्येच आहेत, नवऱ्याची पाच मिनिटं इकडेतिकडे झाली तर त्याला काही होत नाही. त्याऐवजी पायी दहा-बारा मिनिटांत लायब्ररी आहे का ते बघा, तिथे छोट्यांसाठी गाण्या-गोष्टींचा तास फुकट असतो आणि आयांच्या ओळखी तिथेच होतात. पायी नर्सरी आहे का, तीन आणि चार वर्षांच्या मुलांना आठवड्याचे १५ तास सरकारकडून फुकट असतात, ते तुम्हालाही लागू आहेत, पहिल्याच आठवड्यात चौकशी करा. ज्यात कॅफे आहे असं पार्क आहे का, कारण नुसत्या पार्कात जानेवारीत कुणी थांबत नाही. शनिवारी सकाळी नऊला पार्करन, म्हणजे पार्कात सगळ्यांनी मिळून पळायचे पाच किलोमीटर असतात, पैसे नाहीत, चाललं तरी चालतं, आणि पळायचं नसेल तर व्हॉलंटियर म्हणून उभं राहा, ओळखी त्यात जास्त होतात. रविवारी छोट्यांचे दोन किलोमीटर असतात, चार वर्षं पूर्ण झाली की तुमचा मुलगाही जाऊ शकतो. अलॉटमेंट म्हणजे काउन्सिलचा भाजी लावायचा तुकडा, त्याची यादी लांब असते पण आल्या आल्या नाव घालून ठेवा, आमच्याकडच्या अलॉटमेंटवर मेथी, कोथिंबीर आणि उन्हाळ्यात हरितगृहात दुधी लावणारे काका भरपूर, आणि तिथे मात्र लोक तासन्‌तास बोलतात, इंग्रजही.

आपली माणसं हवीत तर हॅरो, म्हणजे पिनर-हॅच एंड ज्या काउन्सिलखाली येतात ते, त्या मानाने सोपं. २०२१ च्या जनगणनेत इथले जवळपास ४५ टक्के लोक आशियाई वंशाचे निघाले. केंटन, रेनर्स लेन, वेंब्लीचा ईलिंग रोड, कारली-पडवळ-आंबे सगळं मिळतं, फक्त दुकानं मुख्यतः गुजराती आणि तमिळ, गोडा मसाला बॅगेतून आणा. महाराष्ट्र मंडळ लंडन १९३२ पासून आहे, डॉलिस हिलला स्वतःची वास्तू आहे, गणपती-दिवाळीला गर्दी असते. पण मंडळावर सगळी भिस्त ठेवू नका, ते सणावारी, आणि तुमचा प्रश्न साध्या मंगळवारचा आहे. तुम्ही लंडनच्या दक्षिणेला सरेकडच्या कुठल्या उपनगराचा विचार केलात तर तिथे हेच सगळं आणखी शांत, बस तासाला एक, गाडीशिवाय दूधही आणता येत नाही अशी कित्येक ठिकाणं, तेव्हा घरी राहणाऱ्या माणसाला गाडी येत असली पाहिजे. भारतीय लायसन्सवर पहिले बारा महिने चालवता येते.

एक चांगली बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. मे-जूनमध्ये हीच जागा इतकी सुंदर होते की कुठे जावंसंच वाटत नाही, रात्री नऊनंतरही उजेड, मुलं मागच्या बागेत, हाय स्ट्रीटवर, म्हणजे दुकानांच्या मुख्य रस्त्यावर, खुर्च्या बाहेर. पिनरची जत्रा तर बघाच, तिसऱ्या एडवर्डने १३३६ मध्ये सनद दिलेली, मेअखेरच्या बँक हॉलिडेच्या सुट्टीनंतरच्या बुधवारी त्या एवढ्याशा गावची मुख्य सडक बंद करून पाळणे लागतात आणि एरवी मान हलवून पुढे जाणारी माणसं हातात कँडीफ्लॉस घेऊन तुमच्याशी बोलतात. आई-बाबांना बोलवायचं तर एप्रिल ते सप्टेंबर बोलवा, व्हिजिटर व्हिसावर एका खेपेला सहा महिनेच राहता येतं. डिसेंबरात बोलवून तुमची सोबत होईल असं वाटतं खरं, पण होतं उलटं, दोन एकटी माणसं होती तिथे चार होतात.

राहिली तारीख, आणि इथे मला तुमचा खरा पेच दिसतो. उजेडाचा विचार केला तर नवऱ्याने नोव्हेंबरात यावं आणि तुम्ही मार्चमध्ये, म्हणजे अंधार पडायच्या आधी सहा-सात महिने रस्ता, दुकान, माणसं ओळखीची होतात. पण जूनमध्ये चार पूर्ण करणारा मुलगा सप्टेंबरात रिसेप्शन म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात जाणार, त्याच्या शाळेचा अर्ज १५ जानेवारीच्या आत करावा लागतो, पत्त्याचा पुरावा लागतो, आणि लोकप्रिय शाळांत भावंडं वगैरे झाली की शेवटी घरापासूनच्या सरळ रेषेतल्या अंतरावर जागा ठरते. उशिरा अर्ज केलात तर १६ एप्रिलला सगळ्यांना वाटून झाल्यावर उरलेली शाळा मिळते, तीही बसने जायची असू शकते. तुमच्या जागी मी शाळेला मान देईन आणि डिसेंबरात येईन, कारण सव्वातीनला शाळेच्या गेटवर उभं राहणं हीच ह्या उपनगरातली एकमेव जागा आहे जिथे काही न करता माणसं भेटतात, आणि ती शाळा चालत जायच्या अंतरावर असेल तर ती माणसं तुमच्याच रस्त्यावरची निघतात.

घर मात्र आधी भाड्यानेच घ्या, विकत घ्यायची घाई नको. डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही आणि ते तीस दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवावंच लागतं, त्याचा कागद मागून घ्या. १ मे २०२६ पासूनच्या नवीन कायद्यात ठराविक मुदतीचा करारच नाही, भाडेकरूला दोन महिन्यांची नोटीस देऊन निघता येतं आणि महिन्याभरापेक्षा जास्त भाडं आगाऊ मागायला मालकाला बंदी आहे, तेव्हा कुणी सहा महिन्यांचे पैसे एकदम भरा म्हणालं तर सरळ नाही म्हणा.